शिकोकूचा आठवडा आखून देणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

आईला घेऊन जपानच्या शिकोकू बेटावर जाऊन आले. फोनवर आभार मानायला गेले तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते इतरांनाही कळू दे.

ओळखीच्या ओळखीतून तुमचा ओकायामाचा नंबर मिळाला होता. कुठे कुठे जायचंय, हे विचारण्याआधी तुम्ही विचारलंत, "आईंना कशाची ओढ आहे?" आईने बसने नर्मदा परिक्रमा केलेली. कोबो दाइशी या जुन्या काळच्या बौद्ध भिक्षूंच्या नावाने चालणारी 88 देवळांची, सुमारे 1,200 किलोमीटरची प्रदक्षिणा कानावर पडल्यापासून तिने तोच ध्यास घेतला होता. पायी जायचं तर दीड महिना हवा, आमच्या हातात जेमतेम आठवडा. तुम्ही म्हणालात, "मोजकीच देवळं घ्या, पण दोन्हीकडे टेकायला वेळ ठेवा." दोन्हीकडे म्हणजे प्रत्येक देवळाच्या आवारातल्या मुख्य मंदिरात आणि दाइशींच्या मंदिरात. हे एक वाक्य आमच्या सगळ्या प्रवासाचा पाया झालं.

मग तुम्ही एकेक गोष्ट वगळत गेलात. मुरोतोचं टोक वगळलंत. तरुणपणी दाइशींनी तिथल्या समुद्रकाठच्या गुहेत साधना केली म्हणतात, त्यामुळे मला चुटपुट लागली. पण तिथवर रेल्वेचे रूळ पोचत नाहीत, आणि आईच्या गुडघ्यांना बसमधलं ताटकळणं सोसणार नाही, हे तुम्ही बरोबर हेरलंत. राहिलं ते असं: ओकायामाहून सेतो पूल ओलांडून ताकामात्सु, नारुतो-इतानो भागातली पहिली तीन देवळं, इया खोरं, कोतोहिरा, झेन्त्सूजी आणि शेवटी मात्सुयामा. सगळं आगगाडीने, जिथे रूळ नाहीत तिथेच बस.

बांदो स्टेशनवर उतरून पहिल्या देवळापर्यंत, र्‍योझेनजीपर्यंत, आई चालत गेली. तिथे तिने गवती हॅट आणि पांढरा अंगरखा घेतला, आणि ओसामेफुदा, म्हणजे नाव लिहून देवळात ठेवायच्या चिठ्ठ्याही. ज्यांच्या फेऱ्या चारपर्यंत झालेल्या असतात त्यांच्या चिठ्ठ्या पांढऱ्या, हे तुम्ही सांगितलेलं होतं. कोणी काही दिलं तर नाही म्हणू नका, उलट ही चिठ्ठी द्या, असंही तुम्ही बजावलं होतंत. तिसऱ्या देवळाच्या वाटेवर एका आजींनी आईच्या हातात संत्री ठेवली. आईने न संकोचता घेतली, चिठ्ठी दिली, आणि दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिल्या. परिक्रमेतही गावोगावचे लोक असंच देतात, ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. आधी ठाऊक नसतं तर आम्ही "नको नको" करत पुढे निघून गेलो असतो.

खाण्याची सोय हा तुमचा सगळ्यात मोठा उपकार. ताकामात्सुचा कागावा प्रांत म्हणजे उदोन नूडल्सचं माहेर, पण तिथल्या रश्श्यात सुक्या माशांचा अर्क असतो, हे वरून बघून कळत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने जपानीत लिहून दिलेला कागद मी लॅमिनेट करून नेला होता: मासे, मांस, अंडं नको, माशांचा अर्कही नको, नुसता सोया सॉस आणि कांद्याची पात चालेल. यात्रेकरूंच्या मुक्कामात मासे वाढतात म्हणून तिथेही तुम्ही आधीच फोन करून ठेवला होता. परदेशात आई पहिल्यांदाच निर्धास्त जेवली.

इयाचा वेलींचा पूल मी एकटीने ओलांडला. 45 मीटर लांब, खाली 14 मीटरवर नदी, दर तीन वर्षांनी नव्याने बांधतात. कोतोहिराच्या मुख्य मंदिरापर्यंत 785 पायऱ्या. "जिथे थकाल तिथून परता, कोम्पिरा रागावणार नाही," हे तुमचं वाक्य आईने तंतोतंत पाळलं. हा तिथला देव कोम्पिरा म्हणजे मूळचा आपल्याकडचा कुंभीर, मगरदेव, हे कळल्यावर तिने अर्ध्या वाटेवरूनच हात जोडले.

झेन्त्सूजी ही दाइशींची जन्मभूमी. तिथे मंदिराखालच्या मिट्ट काळोखातून भिंतीला हात लावत जायचं असतं. आई माझ्या पुढे चालत होती, मोठ्याने नर्मदाष्टक म्हणत. वर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. तुम्ही दोन तास राखून ठेवायला सांगितले होते, आम्ही सकाळची दुपार केली. मात्सुयामात दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यात गुडघे शेकले, तिथून चालत इशितेजी देवळात गेलो.

देवळादेवळात शिक्के घ्यायच्या वहीची बरीच पानं अजून कोरी आहेत. आईने आल्या आल्या विचारलं, मुरोतोला कधी जायचं? तेव्हा पुन्हा फोन करणार आहे, चिडू नका. आणि नाशिकला आलात की आमच्याकडे जेवायला यायचंच. पुरणपोळी आईच्या हातची असेल.

तुमची ऋणी,
आईची लेक