हेल्मेटच्या आतला चेहराही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाचे क्रीडा पान मी गेली पस्तीस वर्षे नियमित वाचत आलो आहे. मोटार किंवा मोटारसायकल शर्यतीची बातमी त्या पानावर आली की ती कापून एका जाड वहीत चिकटवण्याची सवय मला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून रुजू झालो तेव्हापासूनची आहे. त्या वहीमुळे माझ्या आयुष्यात एक भेट घडली. ती आपणास सांगावी आणि तिच्या आधारे एक विनंती करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२०१६ च्या मे महिन्याची अखेर होती आणि मी नुकताच निवृत्त झालो होतो. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर साखरपा येथे माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. सकाळचा तासभर मी तिथे जाऊन बसत असे. आदल्या रात्री वळीव कोसळल्यामुळे गॅरेजपुढची जांभ्याची माती पायाला चिकटत होती. घाटातून उतरलेली एक पिकअप गाडी पुढच्या चाकातून घासल्यासारखा आवाज करीत आमच्यासमोर येऊन थांबली. चालकाबरोबर साधारण तिशीचे एक गृहस्थ खाली उतरले. गाडीच्या हौद्यात ताडपत्रीखाली एक मोटारसायकल बांधलेली होती. चाकाचे बेअरिंग गेले होते आणि नवे देवरुखहून आणावे लागणार होते, म्हणजे दीड-दोन तासांचा खोळंबा निश्चित होता. कोल्हापूरहून निघून किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्याला जावे, एवढाच त्या दोघांचा बेत होता.

गॅरेजमधल्या तीन शिकाऊ मुलांनी परवानगी घेऊन ताडपत्री बाजूला केली आणि त्यांचे डोळे विस्फारले. उंच सस्पेन्शन, मोठी टाकी, हँडलच्या वर उभा केलेला उपकरणांचा सांगाडा, दोन्ही बाजूंना शर्यतीचा क्रमांक, अशी मोटारसायकल त्यांनी मोबाइलच्या पडद्याबाहेर कधी पाहिली नव्हती. मुलांनी तिच्याभोवती उभे राहून फोटो काढायचे ठरवले आणि आपला फोन त्या गृहस्थांच्याच हातात देऊन ‘दादा, जरा आमचा फोटो काढा ना’ अशी विनंती केली. त्यांनी मन लावून, दोन-तीन बाजूंनी, मुलांचे फोटो काढून दिले. त्या यंत्रावर बसून वाळवंटातले शेकडो किलोमीटर कापणारा माणूस हाच, ही गोष्ट त्या मुलांच्या ध्यानातही आली नाही, आणि त्यांनीही ती सांगितली नाही.

मी त्यांच्याकडे पाहत होतो. डाव्या भुवईवरची जखमेची खूण माझ्या ओळखीची होती. दोनच वर्षांपूर्वी दुहेरी स्तंभातले एक छोटे, काळे-पांढरे छायाचित्र मी वहीत चिकटवले होते. त्यात विजयमंचावर हेल्मेट काखेत धरून उभा असलेला एक रॅलीपटू, म्हणजे लांब पल्ल्याच्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीतला स्पर्धक, होता. मी जवळ जाऊन हिंदीत त्यांचे नाव घेतले आणि ‘आपणच ना?’ असे विचारले. ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मग त्यांनी मला विचारले, की तुम्ही मला ओळखले कसे? रॅलीच्या जागेबाहेर, रस्त्यात, एखाद्या अनोळखी माणसाने आपल्याला नावाने हाक मारण्याची ही पहिलीच वेळ आहे, असे ते म्हणाले. माझे घर तिथून दोनशे पावलांवर आहे. मी जाऊन वही घेऊन आलो. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिले आणि आईला पाठवण्यासाठी त्याचा फोटो काढू का, असे मलाच विचारले.

पुढचा दीड तास माझ्या सबंध नोकरीतल्या कोणत्याही प्रात्यक्षिकापेक्षा मोलाचा ठरला. त्यांनी मुलांना जवळ बोलावून एअर फिल्टर उघडून दाखवला आणि वाळवंटातल्या रॅलीत तो रोज संध्याकाळी का बदलावा लागतो, ते समजावून सांगितले. मऊ वाळूत चाकातली हवा कमी केल्याने टायर पसरतो व पकड वाढते, पण तीच हवा दगडाळ भागात रिमचा घात करते, हे त्यांनी अंगठ्याने टायर दाबून पटवून दिले. पिकअपमधून जुन्या रोडबुकची कागदी गुंडाळीही त्यांनी काढली. अशा रॅलीत स्पर्धकाला नकाशा मिळत नाही. किती किलोमीटरवर कोणत्या दिशेला वळायचे आणि धोका कुठे आहे, हे बाणांच्या व चिन्हांच्या भाषेत लिहिलेली ही गुंडाळी हँडलवरच्या पेटीत बसवायची आणि धावत्या गाडीवर अंगठ्याने बटण दाबून पुढे सरकवायची. त्यावर रंगीत पेनाने केलेल्या खुणा त्यांच्या स्वतःच्या होत्या. आदल्या रात्री बसून धोक्याची वळणे लाल आणि दिशाबदल पिवळे करण्याची त्यांची पद्धत होती. विजेच्या जोडणीच्या आकृत्या वाचायला शिकलेली आमची मुले ती चिन्हे पाहता पाहता वाचू लागली, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही. त्या तिघांपैकी एक जण आज पुण्यात एका वाहन कारखान्यात चाचणी विभागात काम करतो. आपल्या हातात ती गुंडाळी आली, तिथून आपले ठरले, असे तो सांगतो.

त्या रॅलीपटूंचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. रस्त्यात झालेल्या भेटीची वाच्यता करण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतलेली नाही. शिवाय त्यांचे नाव छापले जावे ते त्यांच्या निकालासोबत, माझ्या आठवणीसोबत नव्हे, असे मला वाटते.

संपादक महोदय, हा खेळ असा आहे, की त्यातला नायक आपल्याला दिसतो तेव्हा त्याचा चेहरा दिसत नाही. क्रिकेटपटू पाच दिवस उन्हात आपल्यासमोर उभा असतो, त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा आपण ओळखतो. शर्यतीचा चालक मात्र हेल्मेटच्या काचेमागे असतो, आणि वर्तमानपत्रात छापले जाते ते हवेत उडालेल्या गाडीचे किंवा धुळीच्या लोटाचे छायाचित्र. ते सुंदर असते, पण त्यातून माणूस ओळखता येत नाही.

मोठ्या सर्किटवरच्या शर्यतीत तर प्रेक्षक आणि चालक यांच्यात अंतर असतेच. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. २०१३ मध्ये चौथे जगज्जेतेपद निश्चित झाल्यावर त्याने नियमाप्रमाणे गाडी थेट तपासणीच्या जागी न नेता प्रेक्षकांसमोरच गोल गोल फिरवली, खाली उतरून तिला वाकून वंदन केले आणि हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले. त्याबद्दल त्याला ताकीद मिळाली आणि त्याच्या संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. दंड झाला तरी त्या गॅलरीतल्या माणसांना तो क्षण जन्मभर पुरेल. २०१७ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये फेरारीचा चालक किमी रायकोनेन पहिल्याच फेरीत बाद झाला, तेव्हा गॅलरीत हमसून रडणारा एक लहान मुलगा दूरचित्रवाणीवर दिसला. फेरारी संघाने त्याला आईवडिलांसह आत बोलावले आणि रायकोनेनने त्याला जवळ घेऊन टोपी दिली. तिथे भेट घडवली ती कॅमेऱ्याने. १२ मार्च २०२३ रोजी मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर माजी फॉर्म्युला वन चालक डेव्हिड कुल्टहार्डने रेड बुलची फॉर्म्युला वन गाडी चालवली, तेव्हा भाच्याच्या आग्रहाने मीही रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने गेलो होतो. इंजिनाचा आवाज छातीत घुमला, पण गर्दीतून मला दिसले ते पळभर एक हेल्मेट. त्या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. तो सोहळा होता, भेट नव्हती.

रॅलीचे तसे नाही. रॅलीत वेळ मोजली जाते ती बंद केलेल्या रस्त्यावरच्या टप्प्यांत. एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाताना मात्र स्पर्धकाला सर्वसाधारण रस्त्यावरूनच जावे लागते, गाडीला नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि वाहतुकीचे सगळे नियम पाळावे लागतात. म्हणजे राष्ट्रीय विजेता आपल्याच पेट्रोल पंपावर, आपल्याच फाटकापाशी, दुधाच्या टेम्पोमागे उभा असू शकतो. गाडीच्या बाजूला त्याचे आणि सहचालकाचे नाव लिहिलेले असते, अनेकदा रक्तगटही. दुरुस्तीच्या तळावर मेकॅनिक ठरलेल्या मिनिटांत गिअरबॉक्स उतरवत असतात आणि चालक शेजारी घडीच्या खुर्चीवर केळे खात बसलेला असतो. माझा दुसरा एक विद्यार्थी चेन्नईजवळ नोकरीला असताना सुटीच्या दिवशी इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जात असे. तिथे एका नामवंत चालकाने त्याला पाना धरायला बोलावले आणि काम झाल्यावर ‘पकड चांगली आहे, कुठे शिकलास?’ असे विचारले. त्याने संस्थेचे नाव सांगितले. तो प्रसंग त्याने मला फोनवर सांगितला, तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता.

अशा भेटी रस्त्यावर आपली वाट पाहत असतात. कमी पडते ती ओळख. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, ती बातमी माझ्या वहीत मोठ्या आकारात आहे. सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये मोटारसायकलवरून डकार ही वाळवंटातली खडतर रॅली पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होते, आणि ती रॅली पूर्ण करणे हाच मोठा पराक्रम मानला जातो. ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये मोटारसायकलच्या बाहा (म्हणजे कमी दिवसांच्या खडकाळ-वाळवंटी रॅलींच्या) विश्वचषकात महिलांचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी रॅलीचालक गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटर स्पोर्टसाठी तो प्रथमच दिला गेला. हरिथ नोआ यांनी २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या डकारमध्ये ‘रॅली २’ हा मोटारसायकलींचा अव्वल गटाखालचा गट जिंकला आणि एकूण क्रमवारीत अकरावे स्थान मिळवले. या पाचांपैकी कोणी उद्या रत्नागिरीच्या एसटी स्थानकासमोर चहा प्यायला थांबले, तर किती जण ओळखतील? माझ्या वहीत कार्तिकेयन सोडता उरलेल्यांच्या बातम्या चार-चार ओळींच्या आहेत, आणि त्यांपैकी तिघांचे छायाचित्रच नाही.

यास्तव माझी विनंती अशी, की राष्ट्रीय रॅली आणि शर्यतींचे निकाल आपण नियमित छापावेत, आणि विजेत्याचे हेल्मेट काढलेले, चेहरा स्पष्ट दिसेल असे छायाचित्र त्यासोबत द्यावे. सहचालकाचेही द्यावे, कारण डोळ्यांसमोरच्या वळणाआधी पुढचे वळण वाचून सांगणारा तोच असतो आणि त्याचे नाव तर चार ओळींतूनही गळते. जागेची अडचण मी जाणतो. परदेशातल्या शर्यतीच्या पाच स्तंभांतला एक स्तंभ एवढ्यासाठी पुरेल. कोकणातल्या मुलांना या खेळाचे वेड कमी नाही. घाटातल्या वळणांवर ती ते धोकादायक रीतीने भागवतात, हे मी गॅरेजमध्ये येणाऱ्या मोडक्या गाड्यांवरून सांगू शकतो. खरा रॅलीपटू सर्वसाधारण रस्त्यावर किती सावकाश चालवतो, हे साखरप्याच्या त्या मुलांनी स्वतः पाहिले. बेअरिंग बसल्यावर पिकअप निघाली, तेव्हा स्टिअरिंगवर ते रॅलीपटू स्वतःच बसले होते, पट्टा बांधला होता, आणि पालीच्या दिशेने वळताना त्यांनी समोरच्या एसटीला आधी जाऊ दिले.

या निकालांतील ‘पार्क फर्मे’, ‘टाइम कंट्रोल’, ‘स्पेशल स्टेज’ यांसारखे शब्द मराठीत समजावून सांगणे हे आपल्या उपसंपादकांना अडचणीचे वाटत असल्यास मी त्यांचे साध्या भाषेतले टिपण करून पाठवीन. वहीतली कात्रणेही हवी असतील तेव्हा उपलब्ध करून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक
साखरपा, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी