लेखी तक्रारीच्या आधीची पायरी

महोदय,

औद्योगिक संबंध संहिता, 2020 नुसार 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते. मालक आणि कामगार दोन्ही बाजूंचे समसमान, जास्तीत जास्त 10 सदस्य आणि निवारणासाठी 30 दिवसांची मुदत. पण लेखी अर्ज गेला की दोघेही हट्टाला पेटतात. त्याआधी मोकळेपणी बोलायला कोणीतरी हवे. संयुक्त राष्ट्रांनी कर्मचाऱ्यांसाठी असा ओम्बुड्समन, म्हणजे त्यांचे ऐकणारा तटस्थ माणूस, 2002 मध्येच नेमला. आपल्या कंपन्यांनीही नेमावा.

ओम्बुड्समनला मराठीत लोकपाल म्हणतात, आणि लोकपाल म्हटले की भ्रष्टाचाराची चौकशी आठवते. हे पद तसे नाही. तो निकाल देत नाही, शिक्षा सुचवत नाही. ऐकतो, मार्ग सांगतो, दोघे तयार असतील तर मध्यस्थी करतो. म्हणून हे काम एचआरकडे देऊ नये. ज्याच्या हातात बदली आणि वेतनवाढ, त्याच्यापुढे कोण मन मोकळे करील? त्याची खोलीही एचआरच्या मजल्यावर नको, आणि टिपणे कर्मचाऱ्याच्या फाइलला तर मुळीच लागू नयेत.

मध्यस्थी बहुधा घाईने बिघडते. पहिल्याच दिवशी दोघांना समोरासमोर बसवतात. आधी प्रत्येकाशी वेगळे, निदान पाऊण तास बोलावे. समजा, सेकंड शिफ्टचा ऑपरेटर म्हणतो, ‘हा मुद्दाम मशीन घाण ठेवून जातो.’ फर्स्टवाला एकटा असताना सांगतो, ‘तीनला सुट्टी, 3.10 ला बस. साफ कधी करू?’ म्हणजे भांडण स्वभावाचे नाही, दहा मिनिटांचे आहे. ती दहा मिनिटे टार्गेटमधून द्यायची तर सुपरवायझरही बैठकीला हवा. नेमके त्यालाच बोलवायचे राहते. शेवटी ‘परस्पर सहकार्य करू’ असे लिहून उपयोग नाही. ‘2.50 ला जॉब थांबवायचा, लोखंडाचा कीस काढायचा, कूलंटची पातळी लॉगबुकात लिहायची’ असे लिहावे आणि महिन्याभराने दोघांना पुन्हा विचारावे.

लैंगिक छळाच्या तक्रारीत मात्र ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणत स्त्रीला समेटाकडे ढकलू नये. 2013 च्या कायद्याप्रमाणे समेट चौकशीपूर्वी आणि तिने स्वतः मागितला तरच होतो. पैशांच्या मोबदल्यावर तर नाहीच. शिवाय ओम्बुड्समनशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. अशा तक्रारीला तीन महिने, निवारण समितीकडे जायला एक वर्ष. या तारखा पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्याव्यात.

— कामगार संबंध क्षेत्रातील दोन मध्यस्थ, पुणे