तक्रार: खोक्यावर 165 हर्ट्झ, पडद्यावर 60

म्हापसा, बार्देश, गोवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मॉनिटर विभाग

विषय: 27 इंची मॉनिटर लॅपटॉपवर पूर्ण रिफ्रेश रेटने (पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तो आकडा, हर्ट्झमध्ये) न चालणे, खरेदीपूर्वी दिलेली चुकीची माहिती आणि त्याबद्दल भरपाई मागण्याबाबत.

महोदय,

तुमच्या कस्टमर केअरने माझं तक्रारीचं तिकीट पुन्हा एकदा 'समस्या सुटली' असा शेरा मारून बंद केलं आहे. समस्या सुटलेली नाही. जेवढी सुटली तेवढी आम्ही सोडवली, तुमच्या माणसांनी नव्हे. म्हणून आता फोन आणि चॅट बाजूला ठेवून लेखी कळवते आहे.

मी म्हापशात मुलांना टेबल टेनिस शिकवते. सरावाचे व्हिडिओ सेकंदाला 120 फ्रेम्सने घेते आणि मुलांना मोठ्या पडद्यावर दाखवते. मॉनिटर घेण्याचं कारण एवढंच. गेम खेळायला घेतलेला नाही, हे आधीच सांगते, कारण तुमचा प्रत्येक प्रतिनिधी सुरुवातीला 'मॅम, कोणता गेम खेळता?' असंच विचारतो.

साध्या 60 हर्ट्झच्या पडद्यावर माझं काम का भागत नाही, तेही सांगते. जोरात मारलेल्या टॉपस्पिनचा वेग ताशी 72 किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. 60 हर्ट्झवर एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत चेंडू 33 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. टेबलाची लांबी 2.74 मीटर, म्हणजे सगळं टेबल ओलांडेपर्यंत चेंडू आठ-नऊ वेळाच दिसतो. 120 वर हेच अंतर निम्मं होतं. फ्रेम थांबवून एकेक बघायची असेल तर कुठलाही पडदा चालतो, ते मला ठाऊक आहे. पण मनगट कधी वळलं, पाऊल कधी पडलं आणि चेंडू कधी लागला यांची लय थांबवलेल्या चित्रात कळत नाही. ती पूर्ण वेगात बघावी लागते आणि तेव्हा पडद्याने अर्ध्या फ्रेम्स गाळून चालत नाहीत. सर्व्हिस करताना चेंडू तळहातावरून किमान 16 सेंटीमीटर वर उडाला पाहिजे असा नियम आहे. मुलं तिथे नेमकी चोरटेपणा करतात आणि व्हिडिओ दाखवला की लगेच कबूल होतात.

खरेदीपूर्वी मी तुमच्या वेबसाइटच्या चॅटवर लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल लिहून विचारलं होतं: यूएसबी-सीच्या एकाच केबलवर 165 हर्ट्झ मिळेल का, आणि त्याच वेळी मॉनिटरच्या यूएसबी पोर्टला कॅमेऱ्याचं कार्ड लावून फाइल्स पटकन उतरवता येतील का? उत्तर आलं, 'होय मॅम, दोन्ही पूर्ण क्षमतेने चालेल.' त्या संभाषणाची प्रत सोबत आहे. या उत्तरावर विसंबून मी यूएसबी हब (मॉनिटरवरच दिलेले जास्तीचे यूएसबी पोर्ट) असलेलं महाग मॉडेल घेतलं. तसंच पॅनेल, तीच रिझोल्यूशन, तेच 165 हर्ट्झ पण हब नसलेलं तुमचं दुसरं मॉडेल बरंच स्वस्त होतं.

मॉनिटर आला. खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 165 हर्ट्झ आणि त्याखाली 'एका केबलवर सगळं काही'. आत ती एक केबल नव्हती. होती ती एचडीएमआयची. ती लावल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये 60 च्या वर आकडाच दिसेना. यूएसबी-सीची केबल बाजारातून आणली, तर पडदा काळाच राहिला. फक्त चार्जिंगपुरत्या केबलमध्ये चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्याच नसतात. हे खोक्यावर, पुस्तिकेत, कुठेही लिहिलेलं नाही. मग सगळ्या तारा असलेली महागडी केबल घेतली. चित्र आलं. रिफ्रेश रेट? 60.

इथून तुमच्या कस्टमर केअरशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला. त्याचा सारांश असा, की प्रत्येक वेळी दोष दुसऱ्या कशात तरी असायचा. आधी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा. तो नवा टाकला. मग विंडोजचा, लॅपटॉप फॉरमॅट करा म्हणाले. एका मॉनिटरसाठी मुलांचे सगळे व्हिडिओ असलेला लॅपटॉप फॉरमॅट करायला मी नकार दिला. रिमोटवर आलेल्या एका प्रतिनिधीने सेटिंग्ज उघडल्या, 60 हा आकडा पाहिला आणि 'मॅम, चित्र तर येतंय' म्हणून निघून गेला. एकाने तर कमाल केली. म्हणाला, गोव्यात पावसाळ्यात व्होल्टेज कमीजास्त होतं, त्याचा परिणाम असेल. पहिला पाऊस पडला की आमच्याकडे वीज जाते, हे मान्य. पण कमी व्होल्टेजमुळे मॉनिटर बरोबर 60 हर्ट्झवर येऊन थांबतो आणि तिथे सुखाने चालत राहतो, हे विजेचं शास्त्र मला नवीन आहे. शेवटी सल्ला मिळाला की मॉनिटर मूळ खोक्यात भरून बेळगावच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा, खर्च माझा. काहीही न तुटलेला मॉनिटर चोर्ला घाटातून हिंदकळत का पाठवायचा, याला उत्तर नव्हतं.

उत्तर सापडलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्याने मॉनिटरच्या मागचं बटण दाबून मेन्यू उघडला आणि सगळ्यात शेवटच्या 'इतर' या भागात 'यूएसबी-सी प्राधान्य' नावाची ओळ शोधली. तिथे दोन पर्याय होते: 'डेटा' आणि 'डिस्प्ले'. कारखान्यातून 'डेटा' निवडून आलेला. त्याने 'डिस्प्ले' केलं, पडदा क्षणभर काळा झाला, परत आला आणि विंडोजच्या यादीत 120, 144 आणि 165 हे तीनही आकडे हजर. तुमच्या एकाही प्रतिनिधीने या ओळीचं नाव काढलं नव्हतं. तुमच्या पुस्तिकेत ती आहे, पण समोर स्पष्टीकरण काय, तर 'यूएसबी-सीचे प्राधान्य निवडा'.

आता हे का घडतं, ते तुमच्याच तांत्रिक विभागासाठी लिहिते, म्हणजे पुन्हा ड्रायव्हरकडे बोट दाखवायची वेळ येऊ नये. यूएसबी-सी केबलमधून चित्र जातं ते डिस्प्लेपोर्ट या चित्र पाठवण्याच्या पद्धतीच्या चार लेनमधून, म्हणजे वेगवान तारांच्या चार जोड्यांमधून. माझा लॅपटॉप काही वर्षांचा जुना, डिस्प्लेपोर्ट 1.2 चा. त्यात एका लेनमधून सेकंदाला 5.4 गिगाबिट जातात, पण बिट सांकेतिक रूपात पाठवण्यासाठी लागणारा पाचवा हिस्सा वजा केला की चित्राच्या वाट्याला 4.32 येतात. चार लेनचे 17.28. पडद्याची मागणी बघा: 2560 गुणिले 1440 ठिपके, प्रत्येक ठिपक्याला 24 बिट, सेकंदाला 165 वेळा. झाले 14.6 गिगाबिट, आणि ओळींमधली आणि दोन चित्रांमधली मोकळी जागा धरून 16 च्या वर. चार लेनमध्ये हे बसतं. पण हबला यूएसबी 3 चा वेग द्यायचा तर चारपैकी दोन लेन त्याच्याकडे जातात. चित्राला उरतात 8.64. त्यात 120 हर्ट्झचे 10.6 सुद्धा मावत नाहीत, 165 तर सोडाच. आणि उलट केलं, चारही लेन चित्राला दिल्या, तर हब यूएसबी 2 च्या वेगावर येतो. खोक्यावर लिहिलेल्या 5 गिगाबिटच्या जागी 480 मेगाबिट.

म्हणजे माझ्यासारख्या लॅपटॉपवर तुमची दोन आश्वासनं एकमेकांना खातात. 165 हर्ट्झ घ्या किंवा वेगवान हब घ्या. दोन्ही एकाच वेळी मिळणं त्या केबलमध्ये शक्यच नाही आणि ही गोष्ट तुमच्या इंजिनिअरांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. नाहीतर निवड करायची ती ओळ त्यांनी मेन्यूत घातलीच नसती. सरावानंतर मी 32 जीबीचं कार्ड हबला लावते, तेव्हा ते उतरायला पाव तास जातो. तेच कार्ड लॅपटॉपच्या यूएसबी 3 पोर्टला लावलं की निम्म्याहून कमी वेळ लागतो. मग जास्त पैसे मोजून घेतलेल्या त्या हबचं मी करू काय? माऊस लावू?

एचडीएमआयबद्दलही थोडं. माझ्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट 1.4 चा आहे, त्यातून या रिझोल्यूशनला 120 मिळणार नाहीत. ती लॅपटॉपची मर्यादा, तुमचा दोष नाही. मात्र तुमच्या मॉनिटरवरचे एचडीएमआय पोर्ट 2.0 चे आहेत, ज्यात चित्रासाठी 14.4 गिगाबिट मिळतात. वरची 14.6 ची मागणी पुन्हा बघा. कुणी कितीही नवा लॅपटॉप आणला, तरी तुम्ही खोक्यात दिलेल्या एचडीएमआय केबलवर हा मॉनिटर पूर्ण रंगात 165 गाठू शकत नाही. 144 वर थांबतो. खोक्यात एकच केबल द्यायची आणि तीही अशी, जिच्यावर खोक्यावरचा आकडा कधीच दिसणार नाही, हा कुठला हिशेब? हे 144 तुमच्या वेबसाइटवर आहेत, पण तपशिलांच्या तक्त्याखाली, तारांकित टिपेत, फिक्या करड्या अक्षरांत.

चार्जिंगचंही तेच. 'एका केबलवर सगळं काही' वाचून कुणालाही वाटेल की लॅपटॉपही चार्ज होईल. तुमच्या पोर्टमधून 15 वॅट मिळतात, माझ्या लॅपटॉपचा चार्जर 65 वॅटचा आहे. चार्जर वेगळा लावावाच लागतो.

पॅनेल चांगलं आहे, हेही लिहिते. रंग नीट आहेत, एकही ठिपका मेलेला नाही, 120 वर चेंडू खरोखर स्वच्छ दिसतो आणि मुलं खूश आहेत. माझी तक्रार वस्तूच्या दर्जाबद्दल नाही. विकताना जे सांगितलं आणि जे दडवलं, त्याबद्दल आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(28) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं त्यात स्पष्ट येतं. चॅटवर दिलेलं चुकीचं आश्वासन तर लेखी स्वरूपात माझ्याकडे आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. हबवालं आणि बिनहबवालं मॉडेल यांच्या किमतीतला फरक मला परत करावा आणि योग्य केबलची किंमत द्यावी. दोन्ही बिलं जोडली आहेत. हे मान्य नसेल तर माझ्या घरून, तुमच्या खर्चाने मॉनिटर परत न्यावा आणि पूर्ण रक्कम द्यावी. बेळगावला पाठवणं, मूळ थर्मोकोल शोधणं वगैरे अटी मी मानणार नाही. तिसरी मागणी माझ्या खिशाची नाही, तरी तिच्यावर मी अडून राहणार आहे: खोक्यावर आणि वेबसाइटवर, 165 च्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहा की हा वेग कुठल्या पोर्टवर मिळतो, कुठल्या केबलवर मिळतो आणि तेव्हा हबचा वेग किती उरतो. दोन ओळींचं काम आहे. आणि तुमच्या कस्टमर केअरच्या मुलांना मेन्यूतली ती एक ओळ शिकवा. त्यांच्याकडे जे कागदावर लिहून दिलंय तेवढंच ती बिचारी वाचतात, त्यांच्यावर माझा राग नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' या ठरावीक ईमेलला मी उत्तर धरणार नाही. तसं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, त्यामुळे तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात मला यावं लागणार नाही. तुमच्या वकिलांना मात्र गोव्यात यावं लागेल.

फोन करायचा असल्यास सकाळी करावा. संध्याकाळी पाच ते आठ सराव असतो, तेव्हा मी फोन उचलत नाही.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव, पत्ता आणि फोन नंबर सोबतच्या बिलावर आहेत)

सोबत: मॉनिटरचं बिल, केबलचं बिल, खरेदीपूर्व चॅटची प्रत, बंद केलेल्या तिकिटांच्या ईमेलच्या प्रती, 'डेटा' आणि 'डिस्प्ले' या दोन्ही सेटिंगवर विंडोजमध्ये दिसणाऱ्या रिफ्रेश रेटच्या यादीचे फोटो.