पाळणाघराचा पैसा नेमका कुणाच्या हाती?

मा. संपादक,
स. न.

सरकारने पाळणाघरांवर खर्च करावा का, हा वाद निघाला की हिशेब आईच्या पगारावर मांडला जातो. तिचा पगार इतका, पाळणाघराची फी इतकी, मग उरते काय? फी दोघांच्या कमाईतून न जाता तिच्याच पगारातून का वजा करायची? शिवाय हुकलेली बढती, निवृत्तिवेतनात पडणारी तूट, काही वर्षांनी परतल्यावर पदरी पडणारी कमी पगाराची नोकरी, यांपैकी काहीच या वजाबाकीत धरलेले नसते.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर फीची पाळणाघरे सुरू केली आणि उरलेला भार सरकारने उचलला. पिएर फोर्तँ व त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार २००८ मध्ये या योजनेमुळे सुमारे ७० हजार जास्त माता नोकरीत होत्या आणि वाढीव करांतून खर्च भरून निघत होता. मात्र मागणीच्या मानाने जागा कमी पडल्या, प्रतीक्षायाद्या लांबल्या. मुलांच्या वागणुकीवर व आरोग्यावर विपरीत परिणाम दिसल्याचे २००८ च्या एका अभ्यासात नोंदले गेले. विरोधक त्यावर बोट ठेवतात. पण तिथल्याच पाहणीत पालकांच्या सहभागाने चालणारी, नफा न कमावणारी केंद्रे खासगी केंद्रांपेक्षा दर्जाने सरस आढळली, हे ते सांगत नाहीत. माझ्या मते दोष आईच्या नोकरीचा नाही. जागा घाईघाईने वाढवल्या आणि दर्जा मागे राहिला, तिथे चूक झाली.

म्हणूनच पालकांच्या खात्यात ठरावीक रक्कम टाकून सरकारने हात झटकावेत, हे मला मान्य नाही. जागा तेवढ्याच राहिल्या तर फी वाढते आणि अनुदान तिथेच जिरते. पैसा आधी मुलांना सांभाळणाऱ्या ताईंच्या पगारात आणि प्रशिक्षणात जायला हवा. त्याही नोकरदार स्त्रियाच आहेत. तुटपुंज्या पगारामुळे ताई काम सोडून जाते, मुलाचा ओळखीचा चेहरा बदलतो, ते रडू लागते आणि आईचे कामात लक्ष लागत नाही. वेळेचेही तसेच. संध्याकाळी लवकर बंद होणारे पाळणाघर दुसऱ्या पाळीच्या परिचारिकेच्या किंवा कारखान्यातल्या कामगार स्त्रीच्या काय उपयोगाचे?

पैसा नाही, हे उत्तर मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना स्त्रियांचे हात हवे होते, तेव्हा अमेरिकेने १९४३ पासून लॅनहॅम कायद्याखाली पाळणाघरांना केंद्राचा निधी दिला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तो थांबला. आयांनी पाळणाघरे चालू ठेवण्याची मागणी केली होती, तरीही.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की, अर्थसंकल्पातील तरतुदीची बातमी देताना केवळ एकूण रकमेवर थांबू नये. नव्या जागा किती, पाळणाघर किती वाजेपर्यंत उघडे आणि ताईंना पगार किती, हेही मंत्र्यांना विचारून छापावे.

आपली,
एक नोकरदार वाचक