इकडे राहायला येण्याआधी

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

तुमचं इकडे यायचं जवळजवळ ठरलंय, पण बाबांचं घोडं एका प्रश्नावर अडलंय, असं आईने सांगितलं. "तिच्या त्या मुलांच्या गोतावळ्यात आपण म्हातारी माणसं कुठे?" फोनवर मी हा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून पत्र. पत्र मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

बाबा, आमच्या सुतारकामाच्या कार्यशाळेत काम करणाऱ्या आणि आमच्याकडेच राहणाऱ्या या बेघर मुलांना तुम्ही "पळून आलेली मुलं" म्हणता. काही पळून आलीत, खरं आहे. मारहाणीच्या घरातून पळणं हा शहाणपणा असतो. काहींना घरच्यांनीच बाहेर काढलं. काही संस्थेत वाढली आणि अठरा वर्षं पूर्ण होताच त्यांची कॉट पुढच्या मुलाला मिळाली. फुटपाथवर झोपलेली तेवढी बेघर, असं आपण धरून चालतो. यांच्यातली निम्मी कधी फुटपाथवर झोपलीच नाहीत. आठ दिवस या मित्राकडे, चार दिवस त्या मित्राकडे, मग त्याच्या घरच्यांच्या कपाळावर आठी उमटली की पुढचं दार. अशांची मोजदाद करायची तर कुठे करणार?

अठरा हे वय कायद्याच्या सोयीचं आहे. युरोपात मुलं लवकर घराबाहेर पडतात असं तुम्ही नेहमी सांगता, पण युरोपीय संघात 2022 साली आईवडिलांचं घर सोडण्याचं सरासरी वय 26.4 वर्षं होतं. ज्यांना घर आहे ती सव्वीसपर्यंत थांबतात; ज्यांना नाही त्यांनी मात्र अठराव्या वाढदिवशी आपलं आपण बघायचं. इंग्लंडने 2014 साली कायदा बदलला आणि परक्या कुटुंबात वाढलेल्या मुलांना त्या सांभाळ करणाऱ्या कुटुंबात एकविसाव्या वर्षापर्यंत राहायची मुभा दिली. भारताच्या 2015 च्या बाल न्याय कायद्यातही संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी मदतीची तरतूद आहे. हे चांगलंच झालं. पण एकवीस उलटल्यावर दात दुखायला लागला, तर फोन कोणाला करायचा? माझ्या पहिल्या नोकरीत पगार थकला होता तेव्हा खोलीचं भाडं कोणी भरलं, हे बाबांना आठवत असेलच. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि त्याला कोणी मदत म्हटलं नाही.

आता इथलं सांगते. खाली सुतारकामाची कार्यशाळा, वर मुलांच्या खोल्या, मागे आमचं घर. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. मुलगा पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा एक पिशवी असते आणि कागद एकही नसतो. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून धड पगाराची नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून भाड्याने खोली नाही. हे चक्र कुठून तरी फोडायचं, तर आम्ही पत्त्यापासून सुरुवात करतो. कामाचं नंतर बघू, आधी झोप. खरंच सांगते, पहिले काही दिवस ही मुलं नुसती झोपतात. बूट पायात ठेवून, पिशवी उशाखाली घेऊन. उघड्यावर झोपणाऱ्याचे बूट रात्रीत जातात, त्यामुळे ती सवय चटकन सुटत नाही. जेवणातलं काहीबाही कपाटात लपवलेलं सापडतं. आई, तुला ते आवरावंसं वाटेल. आवरू नकोस. उद्याही जेवण आहे याची खात्री पटली की ते आपोआप थांबतं.

काम घासकागदापासून सुरू होतं. फळी घासायची, हात फिरवून बघायचं, पुन्हा घासायची. मग मोजमाप, काटकोन तपासायला गुण्या लावणं, करवत. रंधा आणि पटाशी बरीच उशिरा. सुतारकामात एक बरं आहे: सांधा बसला नाही तर तो लाकडातच दिसतो, त्यासाठी कोणाच्या स्वभावावर बोलावं लागत नाही. आयुष्यभर "तू असाच" हे ऐकलेल्या मुलाला "इथे दोन मिलिमीटर जास्त गेलंय" हे ऐकणं फार सोपं जातं. उशिरा उठणं, न सांगता गायब होणं, पहिला पगार तीन दिवसांत उडवणं, हे सगळं होतं. म्हणून सुरुवातीला पगार दर आठवड्याला देतो. महिनाभर पैसे पुरवणं हे शिकण्याचं काम आहे, आणि ते मी बाबांचे वटारलेले डोळे बघत शिकले.

एक नियम मात्र आम्ही पाळतो आणि त्यावरून घरात भांडणंही झाली आहेत. काम गेलं तरी खोली जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये तरुण कामगारांसाठी 'फॉयर' नावाची वसतिगृहं पसरली. 1990 नंतर ब्रिटनने ती कल्पना उचलली आणि राहण्याची जागा शिक्षणाशी किंवा नोकरीशी जोडली. कल्पना चांगली आहे. पण त्यातली मेख अशी की एक सुटलं की दुसरंही हातचं जातं. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा रस्ता धरला: आधी घर द्या, व्यसन सोडण्याची किंवा उपचार घेण्याची अट घालू नका, बाकीची मदत मागाहून. फिनलंडने 2008 पासून तेच देशाचं धोरण केलं. आमच्यासारख्यांचा धोका आणखी वेगळा. मालक मीच, घरमालकीण मीच, आणि वर "आपण एक कुटुंब आहोत" असंही मीच म्हणणार! मग त्या पोराने जादा कामाचे पैसे मागायचे कोणाकडे? म्हणून पगार आणि सुट्ट्या लेखी आहेत, भाडं थोडं का होईना पण घेतो, आणि कार्यशाळेतलं भांडण जेवणाच्या टेबलावर आणायचं नाही. दुसरीकडे चांगली नोकरी लागली तर जावं, खोली तीच राहील. आमचा सगळ्यात चांगला कारागीर असाच गेला. ह्यांना वाईट वाटलं; मलाही, पण मी दाखवलं नाही.

आता बाबांचा खरा प्रश्न, जो ते आईकडून विचारतात: चोऱ्या होतात का? होतात. क्वचित, आणि बहुतेक पहिल्या महिन्यात. तुमच्या खोलीला कुलूप असेल, किल्ली तुमच्याकडे. त्यात कोणाचा अपमान नाही. प्रत्येक मुलाच्या खोलीलाही कुलूप आहे आणि आम्ही न विचारता आत जात नाही.

ही काळजी जुनी आहे. इटलीत तुरीनला डॉन बॉस्को नावाचा धर्मगुरू होता. कारखान्यांच्या आशेने शहरात आलेली, रस्त्यावर पडलेली पोरं तो गोळा करायचा. 1846 साली त्याने आपल्या आईला, मार्गेरिताला, गावाहून बोलावून घेतलं. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. आधी आसरा दिलेली काही पोरं पांघरुणं घेऊन पसार झाली होती. तरी 1847 साली एका पावसाळी रात्री एक अनाथ मुलगा दारात आला, तेव्हा तिने विटांचे तुकडे रचून त्यावर फळ्या टाकल्या आणि स्वयंपाकघरातच त्याची झोपायची सोय केली. भांडी घेऊन गेला तर, ही चर्चा त्या मायलेकांतही झाली म्हणे. पुढे मुलं वाढत गेली. ती शहरात वेगवेगळ्या मालकांकडे कामाला जात, म्हणून डॉन बॉस्कोने मालकांशी लेखी करार केले: पोराला शिकवायच्या धंद्याबाहेरच्या कामाला जुंपायचं नाही, चुकलं तर शब्दाने सांगायचं, हात उगारायचा नाही, सुट्टी द्यायची. 1852 सालचा तसा एक करार सुताराशीच झालेला आहे. आमच्या कागदावरची कलमं याहून फार वेगळी नाहीत. 1853 साली त्याने घरातच चांभारकाम आणि शिवणकाम सुरू केलं.

पण मला त्यात मार्गेरिताच जास्त दिसते. पोरांनी तिचा भाजीचा वाफा तुडवला, धुतलेले कपडे मातीत घातले, आणि एक दिवस ती म्हणाली, मी आपली गावी जाते. मुलाने भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवलं. ती राहिली, 1856 साली मरेपर्यंत. लोक हे मोठ्या कौतुकाने सांगतात. मला ते उत्तर पटत नाही. दमलेल्या बाईला देव दाखवून गप्प करणं सोपं असतं. आई, तू दमलीस तर दार लावून घे. कंटाळलात तर सांगा, दुसरी सोय बघू. तुम्हाला मी कामाला बोलवत नाहीये, सेवेला तर मुळीच नाही.

मग कशाला? घरात कोणी तरी दिवसभर असावं म्हणून. नोकरी मी देऊ शकते, खोली देऊ शकते, फॉर्मवर "तातडीच्या वेळी कोणाला कळवावे" तिथे माझा नंबरही देते. पण संध्याकाळी सात वाजता माझं डोकं ऑर्डरमध्ये असतं. यांच्यातल्या बऱ्याच जणांनी म्हातारं माणूस जवळून बघितलेलंच नाही. रोज तीच गोष्ट सांगणारं, चष्मा शोधणारं, भांडून पुन्हा जेवायला बोलावणारं. बाबा, पगाराच्या चिठ्ठीतली वजावट समजावून सांगायला तुमच्याइतका चिकाटीचा माणूस मला ठाऊक नाही. नाही सांगितलीत तरी चालेल. वर्तमानपत्र वाचत बसा, कोणी तरी येऊन शेजारी बसेलच. आधी कोणी बोलणार नाही. मग एकदम फार बोलतील, नको तेवढं. तेव्हा सल्ला देऊ नका, निदान पहिल्या दिवशी.

तुमची खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. यंत्रांचा आवाज सकाळी नऊपासून सहापर्यंत असतो आणि तो बराच असतो, हे आधीच सांगून ठेवते. तुमच्या पलंगाची उंची मुलांना हवी आहे, म्हणजे आईचे गुडघे दुखणार नाहीत असा पलंग त्यांना करता येईल. आत्ताच्या पलंगाची जमिनीपासूनची उंची मोजून कळवा. गादीसकट आणि गादीशिवाय, दोन्ही. आणि तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, असं मुलं विचारत होती. आजी-आजोबा म्हणा असं मी सांगितलेलं नाही. ते त्यांचं त्यांनी आणि तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची,
धाकटी