व्हॅन गॉगची भावजय

प्रिय आत्या,

सा. नमस्कार. मागे फोनवर तू विचारलंस ना, सगळ्यात आवडता चित्रकार कोण, तर मी पटकन व्हॅन गॉग म्हणाले, ते खरंच आहे पण अ‍ॅमस्टरडॅमला आल्यापासून त्याच्याइतकीच त्याची भावजय मनात बसलीय, तिच्याबद्दल तुला लिहायचंच होतं.

नाव योहाना, घरचे यो म्हणायचे. व्हॅन गॉगच्या धाकट्या भावाशी, थिओशी लग्न १८८९ मध्ये, पुढच्या जानेवारीत मुलगा झाला, त्याचं नाव काकावरून व्हिन्सेंटच ठेवलं, आणि काकाने पुतण्यासाठी निळ्या आभाळावर बदामाचा मोहोर रंगवला. इथल्या म्युझियममध्ये आहे ते चित्र, मी त्याच्यासमोरून लवकर हलतच नाही. मग त्या जुलैत व्हिन्सेंट गेला, सहा महिन्यांत थिओही, आणि ही अठ्ठावीस वर्षांची बाई, कडेवर तान्हं पोर, पदरात शेकडो चित्रं ज्यांना तेव्हा फारसं गिऱ्हाईकच नाही. पॅरिस सोडून ती हॉलंडमध्ये बुसमला आली, पेइंग गेस्ट ठेवून घर चालवलं आणि भिंतींवर तीच चित्रं लावली.

रात्री ती दोघा भावांची पत्रं वाचायची, खरं तर थिओला शोधायला, पण त्यात तिला व्हिन्सेंटही सापडला. आणि मला तिचं सगळ्यात जास्त कशाचं कौतुक वाटतं सांगू, ती पत्रं तिने लगेच छापली नाहीत! आधी लोकांनी चित्रं बघावीत, त्याच्या दुःखाच्या गोष्टीमुळे नाही तर कामामुळे त्याला ओळखावं, असा तिचा आग्रह. १९०५ मध्ये इथल्या स्टेडेलिक म्युझियमचे हॉल स्वतः भाड्याने घेऊन तिने ४८० हून जास्त चित्रं, ड्रॉइंग्ज मांडली, आणि पत्रं आली थेट १९१४ ला. एवढा धीर कुठून आणला असेल गं? आज कोणालाही विचार, व्हॅन गॉग म्हटलं की आधी त्याने कापून घेतलेला कानच आठवतो, म्हणून मला तिचं जास्तच पटतं.

सूर्यफुलांचं एक चित्र तिने कितीतरी वर्षं जपलेलं, लंडनला द्यायला आधी नाहीच म्हणाली, मग १९२४ मध्ये व्हिन्सेंटचं नाव व्हावं म्हणून दिलं. पुढच्या वर्षी ती गेली, तेव्हाही पत्रांचं इंग्रजी भाषांतर चालूच होतं.

रविवारी तुझ्याकडे इंटरमिजिएटची मुलं येतात ना, त्यांना व्हॅन गॉग दाखवशील तेव्हा योचंही नक्की सांग, आणि मुली काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी लाडकी भाची