कागदाच्या कमळाची कृती नीट छापावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या बालपुरवणीत घडीकामातून कागदाचे कमळ करण्याची कृती छापून आली. पुरवणीत कोडी आणि चुटक्यांच्या जोडीने हाताने करण्याच्या गोष्टींनाही जागा मिळते याचा आनंद आहे आणि ती जागा टिकावी असे मनापासून वाटते, म्हणूनच हे पत्र. छापलेल्या कृतीप्रमाणे घड्या घातल्या तर कमळ होत नाही. चौरस कागदाचे चारही कोपरे मध्यावर आणावेत, असे चार वेळा करावे आणि मग पाकळ्या उलगडाव्यात, एवढेच तीत सांगितले आहे. तिसऱ्या घडीनंतर कागद पालथा करायचा असतो, ही सूचना मात्र गाळली गेली आहे आणि नेमका त्या पालथे करण्यातच या कमळाचा सारा जीव आहे. चारही घड्या एकाच बाजूने घातल्या तर पाकळ्या नुसत्या दाराच्या फळ्यांसारख्या उघडतात, कारण त्यांना बाहेरून वळून वर येण्यासाठी कोपराच उरत नाही. कागद पालथा करून चौथी घडी घातली की मागच्या बाजूला राहिलेली टोके चौरसाच्या कोपऱ्यांना वळसा घालून पुढे ओढता येतात, त्या वळशाचा ताण कागदात राहतो आणि त्या ताणामुळेच पाकळीला खोलगटपणा येऊन ती डिंकाशिवाय उभी राहते.

कृतीशेजारचे छायाचित्रही दुसऱ्याच कमळाचे आहे. ते कमळ अनेक आयताकृती कागदांचे असते. प्रत्येक कागदाची होडीसारखी लांबट घडी करतात, अशा घड्या एकावर एक ठेवून मध्यावर दोऱ्याने बांधतात आणि मग एकेक पाकळी वर उचलतात. चिनी समाजात पूर्वजांना अर्पण करायच्या सोनेरी कागदांची कमळे अशा जोडकामाने करतात आणि ती दिसतातही सुरेख. पण एका चौरसातून, कात्री, दोरा वा डिंक न वापरता उमलणारे कमळ ही वेगळी जात आहे. मूल शब्द वाचून घडी घालते आणि चित्र पाहून पडताळते. शब्द एका फुलाचे आणि चित्र दुसऱ्याचे असेल, तर आपल्यालाच जमत नाही असे मानून ते कागद टाकून देते.

एका चौरसाच्या कमळाची कृती थोडक्यात अशी. एका बाजूने रंगीत असलेला कागद, म्हणजे शाळेत मिळणारा घोटीव कागद, रंगीत बाजू टेबलाकडे ठेवून घ्यावा. दोन्ही कर्णांवर घडी घालून उलगडली की मध्यबिंदू मिळतो. चारही कोपरे त्या बिंदूवर आणावेत, नव्याने झालेल्या चौरसाचे कोपरे पुन्हा आणावेत आणि तिसऱ्यांदाही तसेच करावे. मग कागद पालथा करून चौथ्यांदा कोपरे मध्यावर आणावेत. आता हातात राहिलेल्या लहान, जाड चौरसाच्या चारही कोपऱ्यांची टोके किंचित आत दुमडावीत, अंगठ्याने कोपरा दाबून धरावा आणि त्याच्या मागचे टोक बोटांनी वळसा घालून पुढे आणावे. अशा पहिल्या चार पाकळ्या कोपऱ्यांवर येतात, पुढच्या चार त्यांच्या मधल्या जागांत आणि शेवटच्या चार पुन्हा कोपऱ्यांवर, पण सर्वांत बाहेरून. एकूण 12 पाकळ्या होतात.

कागद फाटतो तो बहुधा पहिल्या चार पाकळ्यांच्या वेळी. त्या पाकळ्यांत कागदाचे चार पदर असतात, तर शेवटच्या चार पाकळ्यांना एकच पदर असतो. म्हणून एक पाकळी पूर्ण वळवून मग दुसरीला हात घालणे चूक आहे. चारही पाकळ्या आधी अर्ध्या वळवाव्यात आणि मग पुन्हा एक फेरी मारून त्या पूर्ण कराव्यात, म्हणजे ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. दुसरे असे, की पहिल्या दोन घड्यांच्या वेळी कोपरे एकमेकांना अगदी चिकटवू नयेत, मध्यावर केसभर फट ठेवावी. चौथ्या घडीत आठ पदर एकदम दुमडायचे असतात आणि कागदाच्या जाडीलाही जागा लागते. झेरॉक्सच्या कागदाचे 16 पदर साधारण दीड मिलिमीटरच्या वर जातात, त्यामुळे त्या कागदाचे लहान कमळ करायला घेणे म्हणजे बोटांना शिक्षाच. पतंगाचा कागद किंवा घोटीव कागद बरा. भेटकार्डाचा जाड कागद अजिबात घेऊ नये.

इथवर ही केवळ दुरुस्ती झाली. माझे खरे म्हणणे या कृतीतून गळलेल्या आणखी एका गोष्टीविषयी आहे, कारण मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. चौरसाचे चारही कोपरे मध्यावर आणले, की दुमडलेले चार त्रिकोण मधल्या चौरसाला तंतोतंत झाकतात. कुठे एकावर एक येत नाहीत, कुठे जागा उघडी राहत नाही. याचा अर्थ नवा चौरस मूळ चौरसाच्या बरोबर निम्मा झाला. हे सिद्ध करायला सूत्र नको, पायथागोरसही नको. ते डोळ्यांसमोर घडते. 20 सेंटिमीटर बाजूचा कागद घेतला तर पहिल्या घडीनंतर बाजू साधारण 14.1 सेंटिमीटर होते, दुसऱ्या घडीनंतर बरोबर 10, तिसऱ्यानंतर साधारण 7.1 आणि चौथ्यानंतर 5. एकाआड एक बाजू नेमकी निम्मी होते, मग मधल्या पायऱ्यांवर दशांश चिन्हानंतर न संपणारी संख्या का येते, हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते आणि दोनाचे वर्गमूळ शिकवण्याची याहून चांगली वेळ वर्गात येत नाही. क्षेत्रफळ निम्मे, पाव, आठवा हिस्सा, सोळावा हिस्सा असे उतरते आणि पदर दोन, चार, आठ, 16 असे चढतात. त्यांचा गुणाकार नेहमी मूळ कागदाएवढाच, कारण कागद कुठेही गेलेला नसतो. ही एवढी भूमिती हातात असताना आपण मुलांना फक्त ‘छान फूल झाले’ म्हणून पुढे जातो.

या भूमितीला आपल्या देशात मोठा वारसा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक 1893 साली मद्रासला छापले गेले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीत घडीकामाला स्थान होते. तिच्यासाठी मिळणाऱ्या कागदी चौकोनांवरून ही कल्पना सुचल्याचे रावांनी स्वतः नमूद केले आहे. पुस्तकाची सुरुवातच चौरसापासून होते आणि चौरसात चौरस, त्यात पुन्हा चौरस ही आपल्या कमळाची रचना त्यात येते. गटिंगेनचे विख्यात गणिती फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या व्याख्यानांत या पुस्तकाचा उल्लेख केला, तो वाचून अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी त्याचा शोध घेतला आणि 1901 साली त्याची शिकागो आवृत्ती निघाली. मद्रास इलाख्यातल्या एका सरकारी अधिकाऱ्याने फावल्या वेळात लिहिलेले हे पुस्तक अशा रीतीने जगभर गेले. आपल्या पुरवणीने मात्र घडीकामाची ओळख ‘जपानची प्राचीन कला’ एवढ्या तीन शब्दांत आटोपली आहे. जपानचे ऋण मोठे आहेच, पण ते मान्य करताना मद्रासला विसरण्याचे कारण नाही.

जपानचे ऋण नेमके कुठे आहे, तेही सांगायला हवे, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. अकिरा योशिझावा (1911–2005) हे तरुणपणी कारखान्यात आरेखक होते आणि नव्या कामगारांना भूमिती समजावताना ते कागदाच्या घड्यांचा उपयोग करीत. पुढे त्यांनी घडीकामाला वाहून घेतले आणि 1950 च्या दशकात घड्या कागदावर मांडण्याची एक चिन्हलिपी घडवली. आत येणारी घडी तुटक रेषेने, पाठीमागे जाणारी घडी रेघ आणि टिंबांनी, दुमडण्याची दिशा बाणाने आणि कागद पालथा करण्यासाठी वेटोळे घेतलेला बाण, अशी तिची साधारण धाटणी. सॅम्युअल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन यांनी ती पाश्चात्त्य वाचकांसाठी रुळवली आणि आज जगातल्या कोणत्याही भाषेतले घडीकामाचे पुस्तक ती भाषा न येणाऱ्या माणसालाही वाचता येते, ते या लिपीमुळे. पुरवणीतल्या कृतीत हा वेटोळ्याचा एक बाण छापला असता तरी सगळे निभावले असते.

यावर कोणी म्हणेल की आता मोबाईलवर चित्रफिती आहेत, मग आकृत्यांची आवश्यकता काय? चित्रफीत पाहून मूल हाताची नक्कल करते, आणि शिकणाऱ्याला सुरुवातीला नक्कलही हवी. पण आकृती वाचताना त्याला सपाट रेषेवरून पुढच्या अवस्थेचा आकार मनात उभा करावा लागतो, तो हातातल्या कागदाशी ताडून पाहावा लागतो आणि चुकले तर दोन आकृत्या मागे जाऊन कुठे चुकले ते स्वतः शोधावे लागते. नकाशा, यंत्राचे आरेखन किंवा शिवणकामाचा कागदी नमुना वाचायलाही हीच शक्ती लागते आणि ती मिळवून देण्याचे काम छापील पान अजूनही उत्तम करू शकते. वर्तमानपत्राने ही जागा आपण होऊन चित्रफितीला का द्यावी?

महाराष्ट्रात या विषयाला वाचक नाहीत, असेही नाही. अनिल अवचट ओरिगामीत, म्हणजे याच घडीकामात, रमले, आपल्या छंदांविषयी लिहिताना त्यांनी तिच्याबद्दल जिव्हाळ्याने लिहिले आणि भेटेल त्या मुलाच्या हातात काहीतरी घडवून ठेवले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातील बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांबरोबर कागदाच्या घड्यांनाही विज्ञान शिक्षणात मानाचे स्थान दिले. शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला घडीकाम होतेच. फक्त त्या तासाचा गणिताच्या तासाशी काही संबंध आहे, हे वेळापत्रकाला कळलेले नसते. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून गणपतीच्या मखरासाठी कागदी फुलांची विचारणाही वाढलेली दिसते आणि कमळ तर गणपतीच्या हातातलेच फूल. यासंबंधी एक सावधगिरीची सूचना जाता जाता करते, कारण पुरवणीतल्या कृतीच्या शेवटी ‘मध्ये पणती ठेवा’ असे सुचवले आहे. कागदाच्या फुलात पेटती पणती ठेवायला मुलांना सांगणे धोक्याचे आहे. दिवाच हवा असेल तर सेलवरचा ठेवावा.

आता माझी विनंती. ही कृती पुन्हा छापावी आणि ती प्रत्येक घडीच्या आकृतीसह, वर सांगितलेल्या चिन्हांनी छापावी. चिन्हांचा अर्थ सांगणारी छोटी चौकट एकदा दिली की पुढच्या प्रत्येक कृतीला तीच उपयोगी पडेल. आकृत्यांखाली बाजूची लांबी आणि पदरांची संख्या भरण्यासाठी रिकामी जागा सोडावी, म्हणजे मूल पट्टी घेऊन स्वतः मोजेल. त्याच पानावर 30 सेंटिमीटर बाजूचा एक गुलाबी चौरस छापता आला तर फारच उत्तम, कारण मग खेड्यातल्या ज्या मुलाला रंगीत कागद मिळत नाही त्यालाही तो कापून घेऊन साडेसात सेंटिमीटरच्या तळाचे चांगले मोठे कमळ करता येईल. वर्तमानपत्राचा कागद पातळ असल्यामुळे इतके पदर तो सहज सोसतो. फक्त पाकळ्या ओढताना हात हलका हवा. मागच्या पानावर जाहिरात येणार असेल तर तिचीही अडचण नाही. चौरसाची ती बाजू पहिल्याच घडीत आत जाते आणि कमळ पूर्ण झाल्यावर फक्त शेवटच्या चार पाकळ्यांच्या पाठीवर आणि फुलाच्या तळाशी दिसते, हे आपल्या जाहिरात विभागाला आधी सांगून ठेवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा